विनाशक क्रियांच्या बटणांचा रंग

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील बहुतेक बटणे चुकून दाबली गेली तरी फारसे बिघडत नाही. नको असलेले पान उघडते, ते बंद केले की काम संपते. परंतु काही बटणांची गोष्ट वेगळी असते. साठविलेली छायाचित्रे पुसणे, खाते बंद करणे, आरक्षित तिकीट रद्द करणे, एखाद्या कार्यालयातील नोंदींचा संग्रह काढून टाकणे, या क्रिया एकदा घडल्या की पूर्वस्थिती आपोआप परत येत नाही. अशा क्रियांना प्रस्तुत लेखात ‘विनाशक क्रिया’ असे म्हटले आहे.

अशा क्रियेचे बटण तांबडे असावे, असा संकेत आज सर्वत्र रूढ झाला आहे. ॲपलच्या आज्ञाप्रणालींत विनाशक बटणाची अक्षरे तांबडी दिसतात. संकेतस्थळे रचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बूटस्ट्रॅप’सारख्या साधनसंचांत ‘डेंजर’ या नावाचा तांबडा रंग तयारच दिलेला असतो. त्यामुळे रचनाकाराला या बाबतीत विचार करण्याची गरज उरली नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज बरोबर नाही. तांबडा रंग कोणत्या प्रकारची चूक टाळू शकतो आणि कोणत्या प्रकारची टाळू शकत नाही, हे निश्चित केल्याविना त्याची योजना करणे म्हणजे केवळ अलंकरण होय.

चुका दोन प्रकारच्या असतात, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कृतीतील स्खलनांचे वर्गीकरण केले. त्यानंतर या क्षेत्रात स्खलन आणि गैरसमज असा भेद मानण्याची प्रथा पडली. हेतू योग्य असूनही बोट भलत्याच बटणावर पडते, तेव्हा ती हातचूक होय. बटण तेच दाबले जाते, पण त्याने काय होणार याविषयीची कल्पनाच चुकीची असते, तेव्हा ती समजचूक होय. पुढील सर्व विवेचनात हा भेद आधारभूत मानला आहे.

२. तांबड्या रंगाचे परस्परविरुद्ध अर्थ

तांबडा रंग धोक्याचा, ही कल्पना आज निसर्गसिद्ध वाटते. परंतु रंगांचे अर्थ ठरवून दिलेले असतात आणि ते बदलतातही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश रेल्वेवर तांबडा दिवा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधगिरी आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत होता. त्यातील पांढऱ्या रंगाचा दोष उघड होता. दिव्यापुढील तांबडी काच फुटली की आतला पांढरा उजेड दिसू लागे आणि ‘थांबा’ या खुणेची ‘चला’ ही खूण होऊन बसे. पुढे पांढरा रंग सोडून देण्यात आला, हिरव्याला ‘मोकळा’ हा अर्थ मिळाला आणि सावधगिरीसाठी पिवळा आला. या इतिहासातून मिळणारा धडा असा की संकेत निवडताना तो बिघडल्यावर काय दिसेल याचाही विचार करावा लागतो.

संदर्भ बदलला की अर्थही बदलतो. महाराष्ट्रात कुंकवाचा तांबडा रंग मंगल समजला जातो आणि तो लावणारी व्यक्तीच चौकातील तांबड्या दिव्यापाशी थांबते. या दोहोंत तिला विसंगती जाणवत नाही. चीनमधील रोखेबाजारात भाव चढल्याची नोंद तांबड्या रंगात व उतरल्याची हिरव्या रंगात दाखवितात. यूट्यूबवर वाहिनीचे वर्गणीदार होण्याचे बटण अनेक वर्षे तांबडेच होते, आणि ते दाबताना कोणी भ्यायल्याचे ऐकिवात नाही.

यंत्रशाळेतील उदाहरण याहून बोधप्रद आहे. यंत्रांच्या विद्युत्-साधनांविषयीच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आणीबाणीत यंत्र थांबविण्याचे बटण तांबडे असावे लागते आणि त्यामागील पार्श्वभूमी पिवळी ठेवतात. यंत्र सुरू करण्याच्या बटणाला तांबडा रंग निषिद्ध आहे. नेहमीच्या थांबविण्याच्या बटणासाठी काळ्या रंगाला पसंती दिली आहे; तेथे तांबडा चालतो, पण आणीबाणीच्या बटणाजवळ तो टाळावा असे सुचविले आहे. म्हणजे कारखान्यातील कामगाराच्या दृष्टीने तांबडे बटण हे संकटात विचार न करता दाबावयाचे, रक्षण करणारे बटण असते. पडद्यावरील तांबडे बटण याच्या नेमके उलट असते. विचार केल्याविना जे दाबू नये ते तांबडे. पहिल्यात धोका बाहेर असतो व बटण त्यावरचा उपाय असते. दुसऱ्यात बटण हाच धोका असतो. एकच माणूस दिवसा यंत्रावर आणि सायंकाळी भ्रमणध्वनीवर काम करतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ रंगाच्या भरवशावर अर्थ सोडून देणे किती अनिश्चित आहे, हे ध्यानात येते.

जुन्या ध्वनिमुद्रण यंत्राने हा प्रश्न अधिक शहाणपणाने सोडविला होता. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. तिच्यावर नवे मुद्रण केले की जुने पुसले जाई. त्या अर्थाने मुद्रण ही विनाशक क्रियाच होती. अनेक यंत्रांवर मुद्रणाच्या कळीला तांबडी खूण असे. परंतु तेवढ्यावर काम भागविलेले नव्हते. पुष्कळ यंत्रांत मुद्रणाची कळ आणि वाजविण्याची कळ या दोन्ही एकाच वेळी दाबाव्या लागत. शिवाय कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडून टाकली की तिच्यावर मुद्रणच होत नसे. आणि पुढे विचार बदलला तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावून पुन्हा मुद्रण करता येई. रंग, द्विहस्त क्रिया आणि कुलूप अशी ही तीन पदरी योजना होती, आणि तीत रंगाचे स्थान सर्वांत गौण होते.

३. दृष्टिभेद आणि तेजोभेद

तांबडा व हिरवा यांतील फरक सर्वांना सारखा दिसत नाही. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे स्वतःच्या दृष्टीचे वर्णन केले, आणि त्यामुळे हा दोष शास्त्रीय चर्चेचा विषय झाला. डाल्टन यांचे जतन करून ठेवलेले नेत्र १९९५ मध्ये जनुकीय पद्धतीने तपासण्यात आले, तेव्हा मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारे रंगद्रव्य त्यांच्या दृष्टीत नव्हते, असे दिसून आले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना, तर स्त्रियांत सुमारे अर्ध्या टक्क्याला तांबडा-हिरवा भेद करण्यात कमीअधिक अडचण असते.

रेल्वेने या अडचणीतून वेगळा मार्ग काढला. स्वीडनमधील लागेरलुंडा येथे १८७५ मध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. तिच्या मुळाशी रंगांधता असावी असे प्रतिपादन करून शरीरशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडींची चाचणी प्रचारात आणली. त्या अपघाताचे कारण खरोखर तेच होते काय, याविषयी पुढे शंका घेण्यात आली आहे. परंतु रेल्वे-कर्मचाऱ्यांची दृष्टी तपासून घेण्याची पद्धत मात्र रूढ झाली. रेल्वेला संकेत पाहणारे डोळे निवडता येतात. पडद्यावरील बटणाच्या रचनाकाराला ती मोकळीक नाही. जो येईल त्याच्या डोळ्यांना ते बटण समजले पाहिजे.

याच विचाराने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुलभतेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या डिसेंबर २००८ मधील आवृत्तीत असा नियम घालून दिला आहे की, कोणतीही माहिती व्यक्त करण्याचे रंग हे एकमेव दृश्य साधन असू नये. त्याच तत्त्वांत अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजोभेदाची, म्हणजे व्यवहारात ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याची, मर्यादाही दिली आहे. सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. ते काढताना तांबड्या घटकाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असा भार देतात. कारण मानवी डोळ्याला हिरव्या प्रकाशाची उजळता सर्वांत अधिक जाणवते. या हिशेबाने शुद्ध तांबड्या बटणावर पांढरी अक्षरे लिहिली तर गुणोत्तर ४.०० येते, म्हणजे ते नियमात बसत नाही. त्याच बटणावर काळी अक्षरे लिहिली तर ते ५.२५ होते. म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी तांबडा रंग थोडा गडद करावा लागतो. बूटस्ट्रॅपमधील प्रचलित ‘डेंजर’ रंगाचे घटक तांबडा २२०, हिरवा ५३, निळा ६९ असे आहेत; पांढऱ्या अक्षरांशी त्याचे गुणोत्तर ४.५३ येते.

येथे एक सूक्ष्म अडचण उत्पन्न होते. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीतील यशदर्शक हिरव्याचे घटक २५, १३५ व ८४ असे आहेत. त्याचेही पांढऱ्या अक्षरांशी गुणोत्तर ४.५३ च येते. दोन्ही रंग आपापल्या जागी नियमात बसतात. पण दोहोंची सापेक्ष तेजस्विता जवळजवळ सारखी, सुमारे ०.१८२, असल्यामुळे त्यांचा परस्परांशी तेजोभेद १ : १ इतकाच उरतो. पडदा करड्या छटांत दाखविण्याची सोय चालू केली, किंवा ते पान काळ्या-पांढऱ्यात छापले, तर ‘जतन करा’ आणि ‘हटवा’ ही बटणे एकाच करड्या रंगाची दिसतील. तांबड्या-हिरव्याचा भेद ज्यांना नीट कळत नाही अशांपैकी अनेकांना उजळतेचा जो आधार मिळाला असता तोही येथे नाहीसा होतो. म्हणून बटणे एकेकटी न तपासता जोडीने तपासली पाहिजेत. एक बटण रंगाने भरलेले आणि दुसरे केवळ किनारीचे ठेवले, तर ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते.

दुसरा प्रकार तांबड्या अक्षरांचा. लांब लहरी टिपणाऱ्या शंकुपेशी ज्यांच्या डोळ्यांत नसतात त्यांना तांबडा रंग नेहमीपेक्षा बराच काळपट दिसतो. त्यामुळे काळ्या अक्षरांच्या यादीत एकच ओळ तांबडी ठेवली, तर इतरांना ती उठून दिसते, पण या व्यक्तींना ती यादीतच मिसळून गेलेली वाटते. ज्याच्यासाठी इशारा दिला त्यालाच तो दिसू नये, असा हा प्रकार होतो. त्या ओळीच्या आधी एखादे चिन्ह आणि वर थोडी मोकळी जागा ठेवली की हा दोष टळतो.

४. ठळकपणातील विरोधाभास

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये असे दाखवून दिले की, सारख्या वस्तूंच्या समूहातील वेगळी वस्तू अधिक स्मरणात राहते. वेगळेपणाने लक्ष वेधले जाते ही गोष्ट जाहिरातदारांना ठाऊक असते, आणि म्हणूनच ज्या बटणावर बोट पडावे अशी त्यांची इच्छा असते ते बटण ते सर्वांत गडद रंगाने भरतात. विनाशक बटणही जर तसेच भरले, तर ‘येथे या’ आणि ‘येथे येऊ नका’ या दोन्ही सूचना एकाच रूपात दिल्यासारखे होते. तांबड्या रंगाने भरलेले मोठे बटण हातचूक टाळण्यासाठी ठेवावे आणि त्यानेच बोटाला आपल्याकडे ओढावे, हा या योजनेतील मूळ विरोधाभास होय.

यातून निघण्याचा मार्ग टप्पे वेगळे करण्याचा आहे. ज्या पानावर ‘हटवा’ हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय असतो, तेथे त्याचे स्वरूप सौम्य असावे. तांबडी अक्षरे किंवा तांबडी किनार पुरे. तो पर्याय निवडल्यानंतर जे खात्री करून घेणारे चौकट-पान येते, तेथे वापरणारा मुद्दाम आलेला असतो. या ठिकाणी बटण तांबड्या रंगाने भरण्यास हरकत नाही, कारण आता रंगाचे काम लक्ष वेधण्याचे नसून परिणामाचे गांभीर्य सांगण्याचे असते. मात्र याही ठिकाणी कळफलकावरील ‘एंटर’ दाबताच विनाश घडेल अशी व्यवस्था नसावी. ॲपलच्या मार्गदर्शक तत्त्वांत विनाशक बटणाला प्रमुख बटणाचे स्थान देऊ नये असे स्पष्टपणे सांगितले आहे. वापरणारा बहुधा तेच निवडील अशी शक्यता असली तरीही नाही. सवयीने दाबले जाणारे बटण सुरक्षित असावे, हा त्यामागील आशय आहे.

तांबड्याचे मूल्य त्याच्या दुर्मिळतेवर अवलंबून असते. एका पानावर दहा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे तांबडी कचरापेटी असली, तर तो रंग नक्षी होऊन जातो. ज्या संस्थेच्या बोधचिन्हाचाच रंग तांबडा आहे, तिच्या पडद्यावर विनाशक बटणासाठी त्याच छटेचा तांबडा रंग निरुपयोगी ठरतो. अशा वेळी संस्थेचा रंग बटणांना न देता ती काळी किंवा करडी ठेवणे हाच विवेकी उपाय होय.

५. रंगाला शब्दांची जोड

१९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा केवळ काळा-पांढरा होता. रंगाचे साधनच नसल्यामुळे विनाशक क्रियेविषयी सावध करण्याचे काम शब्द, चिन्ह आणि मांडणी यांनी करावे लागे. आजही रंग वजा केल्यावर पडदा समजतो की नाही, ही रचनेची उत्तम कसोटी आहे.

मराठी पडद्यांच्या बाबतीत या कसोटीला विशेष महत्त्व आहे. कारण येथील बटणांवरील शब्द बहुधा इंग्रजी मजकुरावरून केलेले असतात. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, मराठीत तो मागून येतो. ‘जतन करा’ आणि ‘जतन करू नका’ या दोन बटणांचा आरंभ एकसारखा आहे; अर्थ उलटविणारा शब्द अगदी शेवटी आहे. घाईने वाचणाऱ्याची दृष्टी पहिल्या शब्दावर पडून पुढे सरकते. अरुंद पडद्यावर शेवटचा शब्द कापला गेला, तर उरतो तो अर्थ नेमका विरुद्ध असतो. त्याऐवजी ‘जतन करा’ आणि ‘बदल टाकून द्या’, किंवा ‘हटवा’ आणि ‘राहू द्या’, अशा भिन्न आरंभाच्या क्रियापदांची जोडी घेतली तर ही हातचूक टळते.

‘रद्द करा’ या शब्दांची अडचण याहूनही मोठी आहे. चालू क्रिया सोडून मागे फिरण्याच्या बटणाला मराठीत सर्रास ‘रद्द करा’ असे म्हणतात. परंतु तिकीट रद्द करण्याच्या पानावर ‘तिकीट रद्द करावयाचे आहे काय?’ असा प्रश्न आणि खाली ‘रद्द करा’ व ‘ठीक आहे’ अशी बटणे आली, तर ‘रद्द करा’ने तिकीट रद्द होणार की रद्द करण्याचा विचार रद्द होणार, हे सांगता येत नाही. ही शुद्ध समजचूक आहे, आणि त्यांपैकी कोणतेही बटण तांबडे केल्याने ती दूर होत नाही. ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’ असे लिहिले की रंगाविनाही अर्थ निःसंदिग्ध होतो. ‘काढून टाका’ हा शब्दप्रयोगही असाच संदिग्ध आहे. गाणे यादीतून काढावयाचे की यंत्रातून कायमचे पुसावयाचे, हे त्यावरून कळत नाही. पहिल्यासाठी ‘यादीतून काढा’ आणि दुसऱ्यासाठी ‘कायमचे हटवा’ असे म्हटल्यास तांबड्या रंगाचे स्थान आपोआप ठरते. तो फक्त दुसऱ्याला द्यावा.

६. सवय आणि परतीची वाट

‘तुमची खात्री आहे काय?’ असा प्रश्न विचारून जबाबदारी संपते असे मानण्याची रीत आहे. जेफ रस्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या रीतीतील उणीव दाखविली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच द्यावे लागते, ते उत्तर देण्याची हाताला सवय होते, आणि मग ‘हटवा’ व ‘होय’ ही दोन बटणे मिळून एकच क्रिया बनते.

समजचुकीपुढे तर असा प्रश्न सर्वस्वी हतबल असतो. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवरील नागरिकांच्या भ्रमणध्वनींवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. तो खोटा होता. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या चौकशीत असे आढळले की, सराव चालू असताना संबंधित कर्मचाऱ्याचा तो खरा हल्ला असल्याचा समज झाला होता. यंत्रणेने इशारा पाठविण्याची खात्री आहे काय असे विचारले होते, आणि त्याने होकार दिला होता. चाचणी असो की खरा इशारा, प्रश्नाची भाषा तीच होती. ज्याची खात्री आहे त्याला खात्रीविषयी विचारून काय उपयोग? बटण कितीही तांबडे असते तरी ते दाबलेच गेले असते. अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढची आहे. खुलाशाचा संदेश त्याच मार्गाने नागरिकांपर्यंत जाण्यास ३८ मिनिटे लागली. इशारा पाठविण्याची व्यवस्था होती. तो खोटा ठरल्यास दुरुस्ती पाठविण्याची तयारी मात्र आधी करून ठेवलेली नव्हती.

यावरून असे दिसते की, विनाशक क्रियेवरील खरा उपाय ती विनाशक राहू न देणे हा आहे. मॅकिंटॉशवरील कचरापेटीने आणि १९९५ मध्ये विंडोजमध्ये आलेल्या तशाच पेटीने हेच साधले. टाकलेली धारिका काही काळ तरी परत काढता येई. जीमेलने २००९ मध्ये पाठविलेले पत्र काही सेकंदांत मागे घेण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात दिली आणि २०१५ मध्ये ती नियमित केली. ही मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढविता येते. पत्र पाठविल्यानंतर लगेच चूक ध्यानात येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या क्षणाचाच येथे उपयोग करून घेतला आहे. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही कायदेशीर व आर्थिक व्यवहार आणि साठविलेली माहिती यांच्या बाबतीत क्रिया उलटविता यावी, किंवा तपासली जावी, किंवा तिची पुष्टी घेतली जावी, यांपैकी एक तरी सोय आवश्यक मानली आहे.

जेथे परतीची वाट ठेवताच येत नाही, तेथे पुष्टी अशी घ्यावी की सवयीने देता येणार नाही. गिटहबवर आज्ञावलींचा संग्रह कायमचा काढण्यापूर्वी त्या संग्रहाचे नाव स्वतः लिहावे लागते. नाव लिहिताना आपण नेमके काय नष्ट करीत आहो, हे वाचणे भाग पडते. आणि त्यामुळे हातचुकीबरोबर काही समजचुकाही पकडल्या जातात.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, रंगाचा निर्णय हा अखेरचा निर्णय होय, पहिला नव्हे. प्रथम क्रिया मागे घेता येईल काय हे पाहावे. येत असेल तर तांबड्या रंगाची किंवा प्रश्नोत्तराची आवश्यकता बहुधा उरत नाही, केवळ मागे घेण्याचे बटण सहज दिसावे. ती अपरिवर्तनीय असेल तर कशाचा नाश होणार हे क्रियापदासह व वस्तूच्या नावासह बटणावर लिहावे. त्यानंतर ते बटण नित्याच्या बटणांपासून दूर ठेवावे आणि ‘एंटर’च्या आवाक्याबाहेर काढावे. एवढे झाल्यावर तांबडा रंग द्यावा. त्याचा अक्षरांशी आणि शेजारच्या बटणाशी तेजोभेद मोजावा, आणि संपूर्ण पडदा एकदा करड्या छटांत पाहावा. त्या करड्या पडद्यावरही कोणते बटण काय करील हे पहिल्याच वाचनात कळत असेल, तर रंगाची योजना यशस्वी झाली असे समजावे. कळत नसेल, तर दोष रंगात नसून त्याच्या आधीच्या निर्णयांत आहे आणि दुरुस्तीही तेथूनच सुरू केली पाहिजे.